घरभाड्याचा पैसा : मुंबईच्या चाळीमागचा हिशेब

मुंबईच्या चाळीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. चाळीतली माणसे, त्यांचे रुसवेफुगवे, नळावरची रांग, जिन्याखालची बिऱ्हाडे, सणावाराची लगबग या साऱ्यांना साहित्यात मानाचे स्थान मिळाले. परंतु ही चाळ बांधली कोणी, बांधणाऱ्याने पैसा कोठून आणला, त्यावर व्याज किती भरले आणि भाड्यातून ते फिटले की नाही, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घरमालक कथाकादंबऱ्यांत येतो तो बहुधा खाष्ट म्हातारा म्हणून किंवा भाडे वसूल करणाऱ्या मेहताच्या रूपाने. त्याच्या वहीत काय लिहिले होते, तिकडे लेखकाची नजर जात नाही.

आपल्या समाजाला मात्र या वहीशी दोन्ही बाजूंनी कर्तव्य आहे. गिरगाव, माझगाव, वांद्रे येथील काही ईस्ट इंडियन कुटुंबे पिढ्यान्पिढ्या घरमालक आहेत. वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून पोटासाठी मुंबईस आलेले आपले बांधव बहुतांशी भाडेकरू. रविवारी मिस्साला दोघेही एकाच बाकावर बसतात आणि सोमवारी लघुवाद न्यायालयात समोरासमोर उभे राहतात. दोघांच्याही घरी आमचे जाणे असते आणि दोघांचीही गाऱ्हाणी आम्हांस ऐकावी लागतात. त्या गाऱ्हाण्यांचे मूळ शोधू गेल्यास इतिहासात बरेच मागे जावे लागते.

खरे पाहता, मुंबई बेट हीच एके काळी भाड्याने दिलेली मिळकत होती. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि तिच्यासोबत ही बेटे पोर्तुगीजांच्या हाती आली. त्यानंतर मुंबई बेट त्यांनी वार्षिक खंड ठरवून ज्यास दिले, तो गार्सिया द ओर्ता हा वैद्य होता. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ आजही विद्वानांच्या आदरास पात्र आहे. सबंध बेटाचा भाडेकरू म्हणून त्याने येथे वाडा बांधला आणि आपल्या परीने पोटभाडेकरू ठेवून तो उत्पन्न घेऊ लागला. जमिनीवरील या खंडाला पोर्तुगीज भाषेत ‘फोरो’ म्हणत. फोरास रोड या नावात तो शब्द आजही जिवंत आहे. त्याच काळातील ‘फजिंदार’ हा शब्द फजिंदारी जमिनींच्या रूपाने मुंबईच्या दस्तांत अद्याप आढळतो. या पद्धतीत जमीन एकाची आणि तीवरचे घर दुसऱ्याचे. जमिनीचे भाडे नाममात्र, पण ते द्यावे लागे. मुंबईत घर विकत घेणाऱ्याने ‘भिंती माझ्या, पण भिंतींखालची माती कोणाची?’ हे आधी विचारावे लागते, ते तेव्हापासून.

भाड्याच्या घरांत पैसा गुंतवून त्यावर जगता येते, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून मिळणारा कापूस बंद झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशाने शहराला वेड लावले. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या कागदांवर सट्टा झाला, जमिनीचे भाव आणि घरांची भाडी आभाळाला भिडली. १८६५ साली युद्ध संपले आणि १ जुलैच्या वायद्याच्या दिवशी सारा डोलारा कोसळला. १८६४ च्या गणनेत शहराची वस्ती ८ लाख १६ हजार होती. १८७२ साली ती ६ लाख ४४ हजार भरली. पावणेदोन लाख माणसे आठ वर्षांत नाहीशी झाली, तेव्हा त्यांच्या खोल्यांचे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. चढत्या भावाने आणि कर्जाच्या पैशाने ज्यांनी घरे घेतली होती, त्यांचे व्याज मात्र त्या रिकाम्या खोल्यांतही चालूच राहिले असणार.

पुढे गिरण्या वाढल्या आणि वस्ती पुन्हा भरली. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगाराला गिरणीच्या हाकेच्या अंतरावर निवारा हवा होता, कारण भोंगा झाला की धावावे लागे. त्याचे वेतन तुटपुंजे, बायकोमुले बहुधा गावी. त्याला घर नको होते. पथारी टाकायला जागा हवी होती. या गरजेतून चाळ जन्मली. दहा बाय दहा किंवा दहा बाय बाराची खोली, समोर सामाईक व्हरांडा, टोकाला सामाईक मोरी आणि शौचकूप. १९०१ च्या जनगणनेच्या अहवालाप्रमाणे शहराची सुमारे ८० टक्के वस्ती एकेका खोलीत राहत होती आणि दर खोलीत सरासरी चार ते पाच माणसे होती.

या चाळी बांधणारे सगळेच धनाढ्य शेठ नव्हते. पारशी, गुजराती, मुसलमान व्यापारी त्यांत होतेच. पण किराणा दुकानदार, लहान सावकार, थोडा पैसा साठवलेले कंत्राटदारही होते. गिरणीतला जॉबर खोल्या घेऊन आपल्या हाताखालच्या माणसांना पोटभाड्याने देई, म्हणजे एकाच हाताने नोकरी आणि छप्पर दोन्ही वाटी. खोली घेणारे बिऱ्हाडही स्वस्थ बसत नसे. गावाकडचे चार जण खाणावळीसह ठेवून घेई आणि आपले भाडे त्यांच्याकडून काढी. अशा रीतीने एका खोलीच्या चार भिंतींवर तीन-चार जणांचा प्रपंच चालत असे.

याच सुमारास गोव्याहून आलेल्या खलाशांनी आणि आचाऱ्यांनी वेगळी वाट काढली. एकेका गावच्या लोकांनी वर्गणी जमवून धोबीतलाव, माझगाव भागांत जागा घेतल्या आणि त्यांना ‘कूड’ असे नाव दिले. बोटीवरून उतरलेल्या माणसाने आपली पेटी कुडीत ठेवावी, संध्याकाळी तेर्सला बसावे, पुढची बोट लागली की निघावे. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कुडी अजूनही आहेत. भाडे गावाच्या नावाने, राहणारे बदलत राहणार. घरमालकाच्या दृष्टीने यासारखा भरवशाचा भाडेकरू नाही, कारण माणूस मरतो पण गाव मरत नाही!

आता त्या वहीकडे वळू. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चाळीस खोल्यांची चाळ. जमीन आणि बांधकाम मिळून खर्च वीस हजार रुपये. खोलीचे भाडे महिना चार रुपये. वर्षाचे उत्पन्न एक हजार नऊशे वीस रुपये झाले. मालकाने दहा हजार पदरचे घातले आणि दहा हजार सहा टक्क्यांनी कर्जाऊ घेतले, तर व्याजाचे सहाशे गेले. घरपट्टी, डागडुजी, मेहताचा पगार आणि रिकाम्या खोल्या यांचे पाचशे धरा. उरले आठशे वीस. म्हणजे पदरच्या दहा हजारांवर सव्वाआठ टक्क्यांच्या जवळपास. त्या काळी सरकारी प्रॉमिसरी नोट साडेतीन टक्के देई. सरकारी कागदापेक्षा चाळ दुपटीहून अधिक देते, हे पाहून दुकानदाराने गल्ल्यातला पैसा चाळीत घातला, यात नवल ते काय? पण सगळी मेख एका ठिकाणी आहे. भाड्याने व्याज भरून वर काही उरले पाहिजे. व्याज सहावरून नऊ झाले, किंवा चाळीसांतल्या दहा खोल्या वर्षभर रिकाम्या राहिल्या, तर त्या आठशे विसांतला बराचसा भाग जातो. कर्ज नसलेला मालक अशा वर्षात कमी खातो. कर्ज काढलेल्याला चाळ विकण्याची पाळी येते.

कर्ज मिळण्याची सोय मुंबईत इतर ठिकाणांपेक्षा सोपी होती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा मोजक्या शहरांत एक विशेष सवलत ठेवली होती. मिळकतीचे मूळ दस्त सावकाराच्या हवाली केले की गहाण पुरे होई. त्यासाठी गहाणखत लिहून नोंदवावे लागत नसे. दुपारी कागद नेऊन ठेवावेत आणि संध्याकाळी रक्कम घेऊन यावे, इतके ते सुटसुटीत. एक चाळ बांधून तिचे कागद ठेवावेत, त्या पैशाने दुसरीचा पाया घालावा, अशी साखळी त्यामुळे शक्य झाली. याशिवाय जुने ताबेगहाण होतेच. त्यात सावकार व्याज घेत नाही. घराचा ताबा घेतो आणि भाडे स्वतः खातो. मुद्दल परत केले की घर परत. भाडे आणि व्याज या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे ताबेगहाणाइतके स्पष्ट कोठेच दिसत नाही.

आम्ही सेमिनरीत असताना नीतिशास्त्राच्या तासाला याच मुद्द्यावर बराच काळ खर्ची पडत असे. मध्ययुगीन ख्रिस्तसभेने उसन्या पैशावर व्याज घेणे निषिद्ध मानले होते. परंतु घर किंवा शेत यांपासून दरवर्षी येणारे उत्पन्न विकत घेण्यास तिची हरकत नव्हती. या कराराला ‘सेन्सुस’ म्हणत. पैसे देणारा घराच्या वार्षिक उत्पन्नातला ठरलेला हिस्सा घेई. त्याला मुद्दल परत मागण्याचा हक्क नसे; घरवाल्याला मात्र ते फेडून मोकळे होण्याची मुभा असे. १४२५ साली पोप मार्टिन पाचवे यांनी हा व्यवहार वैध ठरविला. १७४५ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ‘विक्स पेर्वेनित’ या पत्रात उसनवारीवरील व्याजाचा निषेध कायम ठेवला आणि तरीही इतर न्याय्य करारांतून पैशावर उत्पन्न मिळू शकते, हे मान्य केले. पुष्कळांना ही केवळ शब्दांची कसरत वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. त्या जुन्या पंडितांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : उत्पन्न प्रत्यक्ष घरातून येते की घेणाऱ्याच्या अगतिकतेतून, हे तपासल्याशिवाय व्यवहाराचा न्याय ठरत नाही. मुंबईच्या पुढच्या शंभर वर्षांना ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग दिसला. दाट वस्ती हे त्याचे कारण ठरवून १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्यास नव्या वसाहती आखल्या, पण गरिबांची घरे पाडण्यात त्याचा हात जितका चालला तितका बांधण्यात चालला नाही. १९१८ पर्यंत ट्रस्टच्या योजनांमुळे ६४ हजार लोक बेघर झाले आणि त्यांतल्या १४ हजारांनाच पर्यायी जागा मिळाली. उरलेले पन्नास हजार जवळच्याच चाळींत शिरले. तेथील मालकांस ही पर्वणीच होती. प्लेगच्या भयाने गिरगाव-माझगावातली अनेक कॅथलिक कुटुंबे वांद्र्यास सरकली, आणि वांद्र्याच्या मूळ ईस्ट इंडियनांच्या वाड्यांत भाड्याची घरे उभी राहू लागली.

घरमालकाच्या जागी सरकार आले तर काय होते, याचाही प्रयोग मुंबईने केला आहे. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी विकास खाते काढले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. कर्ज उभारले आणि त्याचा भार हलका करण्यासाठी कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसविला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ सिमेंटच्या चाळी झाल्या. त्याच या बीडीडी चाळी. खोल्या झाल्या सुमारे सोळा हजार. भाडे खर्चाच्या मानाने कमी ठेवूनही ते कामगाराच्या खिशाला जड होते. वरळी तेव्हा आडबाजूला. वर्षानुवर्षे कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींत सत्याग्रही कोंडले. हा गुंतवणुकीचा प्रयोग फसला आणि त्याचा तोटा करदात्यांनी सोसला.

याहून विवेकी प्रयोग गावदेवीला झाला. १९१५ साली रावबहादूर तालमकी यांच्या प्रयत्नाने तेथे सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. इमारत संस्थेची, सभासद तिचेच भागीदार आणि तिचेच भाडेकरू. ते दरमहा जे भाडे भरत, त्यातून संस्थेचे कर्ज फिटे. भाडे देणारा आणि घेणारा एकच, त्यामुळे अडवणुकीला जागा उरली नाही. आपल्या समाजानेही फार वेळ लावला नाही. १९१८ मध्ये वांद्र्यास साल्सेट कॅथलिक सहकारी गृहसंस्था उभी राहिली, आणि आज वांद्र्याच्या ज्या गल्ल्यांचे कौतुक होते त्यांतल्या कित्येक तिच्या आखणीतून आल्या. १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ परिपत्रकात पोप लिओ तेरावे यांनी कामगाराने काटकसरीने घेतलेली जमीन म्हणजे त्याचे वेतनच दुसऱ्या रूपात होय, असा विचार मांडला होता. तो विचार या संस्थांत विटामातीत उतरला, असे आम्हांस वाटते. खेद इतकाच की ज्यांच्याजवळ आरंभीचा हप्ता होता त्यांच्यापुरताच तो उतरला. गिरणी कामगार त्याबाहेरच राहिला.

त्या कामगारासाठी कायदा धावून आला. पहिल्या महायुद्धात महागाईने कळस गाठला तेव्हा १९१८ साली भाडेनियंत्रण झाले. दहाएक वर्षांनी ते मावळले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आले आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पक्के झाले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाणभाडे’ ठरले. ते वाढवायचे नाही आणि नियमित भाडे देणाऱ्यास काढायचे नाही. फाळणीने निर्वासितांचे लोंढे येत होते, अन्नधान्य रेशनवर होते, अशा वेळी हा कायदा नसता तर लाखो कुटुंबे रस्त्यावर आली असती. त्या वेळच्या न्यायाविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत घेत पन्नास वर्षे राहिला. आपल्या उदाहरणातल्या चाळीत १९४० साली खोलीचे भाडे दहा रुपये असेल, तर सबंध चाळीचे वर्षाचे उत्पन्न चार हजार आठशे रुपये. ते जवळपास तेवढेच राहिले. सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी मात्र थांबली नाही.

पैसा हा पाण्यासारखा असतो; एक वाट बुजवली की दुसरी काढतो. भाडे गोठले तेव्हा तो पागडीच्या रूपाने वर आला. जुना भाडेकरू खोली सोडताना नव्याकडून एकरकमी मोठी रक्कम घेई आणि तिचा एक हिस्सा, बहुधा तिसरा, मालकाला देऊन त्याच्याकडून नव्याच्या नावाची पावती करून घेई. कायद्याने पागडी हा गुन्हा होता; व्यवहारात मुंबईतले प्रत्येक मूल तो शब्द जाणत होते. तिची पावती नाही, तिच्यावर कर नाही, आणि तिच्यासाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही. ज्याच्याजवळ रोकड किंवा विकायला दागिने आहेत त्यालाच स्वस्त भाड्याची खोली मिळणार, असा उफराटा न्याय झाला. गरिबाच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याने आधी आत शिरलेल्यांना संरक्षण दिले आणि नंतर येणाऱ्या गरिबाच्या तोंडावर दार लावले. त्या नंतरच्यांना झोपडपट्टीखेरीज जागा उरली नाही. नवी भाड्याची चाळ बांधायला मग कोणी धजावेना.

त्या काळातली मालकही सारी धनवान नव्हती. आमच्या पाहण्यात अशा विधवा आल्या, की ज्यांच्या नवऱ्याने आयुष्यभराची कमाई एका दुमजली घरात घातली होती आणि म्हातारपणी त्यांना महिन्याला येणाऱ्या भाड्यात औषधाची बाटलीही येत नव्हती. त्यांच्याच माडीवर राहणारे भाडेकरू बँकेत अधिकारी झालेले. तसेच याच्या नेमके उलटही आम्ही पाहिले : मालकाने पाणी तोडले, जिना मोडू दिला, म्हाताऱ्या भाडेकरूने कंटाळून निघून जावे म्हणून. दोघांपैकी एकाचीच बाजू घेणाऱ्यास हा इतिहास कळणार नाही.

दोघांच्या भांडणात इमारतीकडे कोणी पाहिले नाही. मालक म्हणे, भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरू म्हणे, इमारत तुमची. पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या. बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. मंडळाच्या यादीत १९,६४२ इमारती होत्या. त्यांतल्या सोळा हजारांहून अधिक १९४० पूर्वीच्या. खासगी मालकाच्या घराची डागडुजी आता सरकारने करायची, कारण भाड्यातून ती होत नाही आणि भाडे वाढवण्याचे धैर्य नाही. टेकू लावून ठेवलेल्या इमारती हे दक्षिण मुंबईचे नित्याचे दृश्य बनले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजाराजवळची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. भाडे, व्याज, पागडी यांच्या वहीत न मांडलेली रक्कम ती हीच.

कायद्याची पुढची पावले थोडक्यात सांगतो. काही मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी परवान्यावर, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’ने, घरे दिली होती, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक घरात होते त्यांना कायद्याने एकदम भाडेकरू ठरविले. त्या धसक्याने मुंबईत कित्येक घरांना कुलपे लागली. १९८६ साली अशी तरतूद झाली की उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट मोबदल्यात जमीन आणि इमारत सरकारने घेऊन त्यांना द्यावी. आपल्या चाळीला ते गणित लावा. चाळीस खोल्या, दहा रुपये भाडे, शंभर पट : सारी चाळ चाळीस हजार रुपयांना! मालकांनी न्यायालयाची पायरी चढली. तो वाद नऊ न्यायाधीशांच्या पीठापर्यंत गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. त्याआधी डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात याच न्यायालयाने गोठवलेले प्रमाणभाडे आता अवाजवी झाले आहे, असे स्पष्ट म्हटले होते. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पागडी कायदेशीर केली आणि परवान्यावर दिलेले घर मुदतीनंतर परत मिळण्याची वाट सोपी केली. दहा रुपयांवर चार टक्के म्हणजे चाळीस पैसे, हे मात्र जुन्या मालकांनी लगेच हिशेब करून दाखविले.

मधल्या काळात पैशाने चाळीकडे पाठ फिरवून ‘ओनरशिप’चा रस्ता धरला होता. बांधणाऱ्याने घर भाड्याने न देता विकून मोकळे व्हावे, म्हणजे कायद्याचा जाच नाही. १९६३ साली मालकी हक्काच्या फ्लॅटसंबंधी स्वतंत्र कायदा झाला. तरी सामान्य पगारदाराला एकरकमी पैसा आणायचा कोठून? बँका घरासाठी कर्ज देण्यास फारशा राजी नसत. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली, ती पगाराच्या तारणावर मध्यमवर्गाला घर घेता यावे म्हणून. (ती संस्था १ जुलै २०२३ रोजी त्याच नावाच्या बँकेत विलीन झाली.) लालबाग-गिरगावच्या खोल्या पागडीने देऊन आलेल्या पैशात थोडे कर्ज घालून माणसे नालासोपारा, विरारला गेली. वसईच्या केळी-पानवेलींच्या वाड्यांत इमारती उभ्या राहिल्या, आणि हरित वसईची चळवळ का करावी लागली हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आता त्याच इमारतींत चक्र फिरून पुन्हा आरंभी आले आहे. आखातात किंवा बोटीवर नोकरी करणारी आपली मुले दुसरा, तिसरा फ्लॅट घेतात, ‘भाड्यात हप्ता निघेल’ या हिशेबाने. घर आशीर्वादित करण्यास आम्हांस बोलावतात, तेव्हा चहा घेताना हे गणित आम्ही ऐकतो. पुन्हा एक काल्पनिक उदाहरण घेऊ. फ्लॅट साठ लाखांचा, भाडे महिना पंधरा हजार; म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार, तीन टक्के. पंचेचाळीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी, तर पहिल्या वर्षाचे व्याजच तीन लाख ऐंशी हजारांच्या घरात. सोसायटीचा खर्च, घरपट्टी आणि दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने अजून धरलेले नाहीत. मुद्दलाची फेड तर दूरच. हा दोन लाखांचा खड्डा दरवर्षी पगारातून भरायचा. व्याजाचा तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्याची मुभाही २०१७ पासून वर्षाला दोन लाखांपुरती मर्यादित झाली, आणि नव्या करपद्धतीत ती उरलीच नाही. १९०० च्या दुकानदाराची चाळ व्याज भरून वर शिल्लक टाकीत होती. आजचा फ्लॅट भाड्यावर उभा नाही; पुढे किंमत वाढेल या आशेवर उभा आहे. तीच आशा १८६४ साली मुंबईत फार जोरात होती.

हे ओळखून असलेले काही मालक अलीकडे भाडेच घेत नाहीत. ते भाडेकरूकडून दहा-पंधरा लाखांचे ‘हेवी डिपॉझिट’ घेतात, त्या रकमेने बँकेचे कर्ज कमी करतात आणि मुदत संपली की नव्या भाडेकरूचे डिपॉझिट घेऊन जुन्याचे परत करतात. पैसे देणारा घरात राहतो आणि व्याज मागत नाही. घरवाला भाडे मागत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला हा व्यवहार चांगला ठाऊक होता. ती त्याला ताबेगहाण म्हणे आणि त्याचा रीतसर दस्त करून घेई, म्हणजे पैसे बुडाल्यास घरावर हक्क सांगता येई. हेवी डिपॉझिट देणाऱ्याच्या हाती तसा दस्त नसतो. त्याच्याजवळ लायसन्सचा करार असतो, आणि त्या कराराने घरावर कोणताही बोजा चढत नाही.